चौथ्या मजल्यावरचं कोर्ट

माझे वडील, ओटाकार क्रेइची,
चाळीस वर्षं एकच वाक्य ओरडत आले:
पाय आधी, हात नंतर.
प्रोस्त्येयोव्हच्या विटकरी भुकटीच्या कोर्टांवर
त्या वाक्यानं किती पोरं जिंकली
त्याची वही त्यांच्यापाशी आहे.
किती रडली त्याची नाही.
रडणाऱ्यांत मी होते.

आता नोव्हेंबर. कोर्टांवर ताडपत्री, ताडपत्रीवर बर्फ.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उजवा हात हलता ठेवा.
तो हलतोच आहे, बाबा म्हणाले,
थांबवायचं काही असेल तर द्या.
वर्षभरातला तेवढाच एक विनोद.

म्हणून मी पोराचा खेळ उचलून इकडे आणला.
टीव्हीखाली काळी पट्टी चिकटवली,
सोफा खिडकीला टेकवला, गालिचा गुंडाळला.
आईनं काचेचा ससा कपाटात ठेवून
किल्ली एप्रनच्या खिशात टाकली.

बाबा आतून आले ते पांढऱ्या चड्डीत,
पांढरे मोजे, आणि पायात बूट.
दाराशी बूट काढायचे, या नियमापायी
आमच्या घरानं दोन जावई आणि एक पाद्री दुखावलाय.
आई बुटांच्या खाचांतल्या लाल मातीकडे बघत राहिली
आणि काही बोलली नाही.

मात्याश नऊ वर्षांचा, सोफ्यावर आडवा,
पोटावर बिस्किटांचा पुडा.
पडद्यावर गोल डोक्यांची दोन माणसं,
कंबरेखाली नुसता निळसर धूर.
याचे पाय कुठायत?
लागत नाहीत, आजोबा. ते आपापले पळतात.
बाबांनी हे ऐकून घेतलं,
सुताराला कुणी सांगावं
की आता लाकूड लागत नाही, तसं.

मग गुडघे वाकले, खांदा वळला,
पार कानामागून आलेला पुरा फटका.
मात्याशनं माशी हाकलावी तसं मनगट झटकलं.
पंधरा. तीस. चाळीस.
खालून शेबेस्तोव्हा बाईंच्या झाडूचा दांडा:
टक, टक, टक.
बाबा जमिनीकडे बघून म्हणाले, रेषेवर होता.

त्यांची सर्व्हिस आली.
ते उभे राहिले, नेहमी राहायचे तसे,
श्वास मोजत, घाई नाही.
आणि हात सुरू झाला.
पडद्यावरची रॅकेट थरथरली,
यंत्राला वाटलं, हाच इशारा.
चेंडू उडाला. पडला.
उडाला. पडला.
धुराचा माणूस पुन्हा पुन्हा वर बघत होता
आणि काहीच मारत नव्हता.

मात्याश उठून बसला.
पुडा खाली ठेवला, आवाज न करता.
दोरी घट्ट करू का, आजोबा?
मी खिडकीकडे वळले. समोरच्या इमारतीत
कुणीतरी कपबशी विसळत होतं,
फार वेळ, एकच कपबशी.

बाबांनी डावा हात उघडला.
तळवा छताकडे, रिकामा.
आणि त्यावरून, जिला वजन नाही अशी एक वस्तू
हळूच वर सोडली.
आम्ही चौघांनी मान वर केली.
खरंच सांगते, आईनंसुद्धा.
छताला जिथं ओल आलीय, त्याच्या जरा पुढं
ती क्षणभर थांबली असणार,
कारण तेवढ्यात उजवा हात गप्प झाला.
साफ गप्प. दगडासारखा नाही,
मांजर उडी घेण्याआधी होतं तसा.

फटका दिव्याला लागला.
कागदी झुंबर भेलकांडलं,
चेंडू जाळ्यात गेला, यंत्रानं टाळ्यांऐवजी
एक ओशाळा सूर काढला.
आम्ही दांड्याची वाट पाहिली.
खाली कुणी काही बोललं नाही.

भिंतीवर आमच्या सावल्या
लांब होत होत्या, आखूड होत होत्या,
सोफा, ससा नसलेलं टेबल, बाबांचे बूट,
सगळं एका बाजूला कलायचं, मग दुसऱ्या.
मात्याशनं विचारलं, संपला का खेळ?

दुसरी सर्व्हिस, बाबा म्हणाले.
हात पुन्हा थरथरू लागला होता.
त्यांनी वर पाहिलं.
पण तो दिवा हलायचा थांबू दे आधी.